एकशेदहा मिनिटांची साखर

आत्याला सकाळी आठला बोलावलं होतं. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पेट स्कॅनच्या विभागाबाहेर तिच्यासारखे आणखी चारजण बाकावर बसले होते. दहाला डोस येईल, मग एकेकाला आत घेऊ, असं सांगितलं होतं. दहाचे साडेदहा झाले, साडेदहाचे अकरा. पहाटे मुंबईहून निघालेली गाडी घाटात अडकली होती, पुढे एक ट्रक आडवा झाला होता. बाराला दहा कमी असताना एक माणूस शिशाचा जड डबा घेऊन जवळजवळ धावतच जिना चढून आला. पंधरा मिनिटांनी आतली मुलगी बाहेर येऊन आत्याला म्हणाली, "काकू, दोघांनाच पुरेल एवढा आलाय हो. तुमचा नंबर चौथा. पुढच्या मंगळवारी याल का?"

"का गं? वाटेत सांडलं का?" आत्याने विचारलं.

"सांडलं नाही काकू. संपलं."

त्या एका शब्दाने मला आकडेमोडीला बसवलं. बंद डब्यातली, झाकण न उघडलेली, थेंबभरही न सांडलेली वस्तू संपते कशी, याचा हिशेब मी त्या आठवड्यात मांडत राहिलो. तो हिशेब इतक्या मोठ्या आणि इतक्या लहान आकड्यांतून फिरवून आणतो, की अजून माझी त्यातून सुटका झालेली नाही.

डब्यातल्या औषधाचं नाव एफडीजी. ही साखरच असते, ग्लुकोजच्या रेणूतला एक तुकडा काढून तिथे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेली. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखरेवर अधाशासारख्या तुटून पडतात, म्हणून ही खुणेची साखर त्यांच्यात साठते आणि कॅमेऱ्यात दिसते. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य जवळपास ११० मिनिटं. म्हणजे आत्ता जेवढे अणू आहेत, त्यांतले निम्मे ११० मिनिटांत विझतात. उरलेल्यांतले निम्मे त्यापुढच्या ११० मिनिटांत. थंड ठेवा, गरम ठेवा, शिशात ठेवा, काही फरक पडत नाही. दर मिनिटाला ०.६३ टक्के. सिग्नलला सहा मिनिटं गाडी थांबली तर जवळपास चार टक्के गेले. आमची गाडी वेळेवर आली असती तरी चार तासांच्या प्रवासात तब्बल ७८ टक्के माल रस्त्यातच संपणार होता, आणि ते धरूनच तो जास्तीचा भरला होता. घाटातल्या ११० मिनिटांनी उरलेल्याचे आणखी निम्मे केले. पाचांपैकी तिघं उपाशी पोटी घरी गेले, ते या भागाकारामुळे.

आता एका माणसाला द्यायचा डोस किती ते पाहू. साधारण १० मिलिक्युरी. म्हणजे टोचण्याच्या क्षणी त्यातले ३७ कोटी अणू दर सेकंदाला विझत असतात. एका सेकंदात ३७ कोटी जाऊनही निम्मे व्हायला ११० मिनिटं लागतात, तर मुळात किती असतील? हिशेब केला की उत्तर येतं साडेतीन लाख कोटी. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलं तर एक लाख दहा हजार वर्षं लागतील. आणि या साडेतीन लाख कोटी अणूंचं वजन? एका ग्रॅमचा हजार कोटीवा भाग. मिठाचा एक बारीक कण घेऊन त्याचे पाच-सहा लाख भाग केले, तर त्यांतला एक एवढ्या वजनाचा भरेल.

माणसाच्या पाच लिटर रक्तात सगळी मिळून जेमतेम चमचाभर, पाचेक ग्रॅम साखर असते. त्या चमचाभर साखरेत हे किरणोत्सारी रेणू मिसळले, की प्रत्येक ४८० कोटी साध्या रेणूंमागे खुणेचा एक येतो. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत दोन ओळखीचे चेहरे शोधावेत, असं हे प्रमाण. तरी कॅमेऱ्याला ते सापडतात, कारण जवळजवळ प्रत्येक अणू विझताना एक पॉझिट्रॉन सोडतो. तो पॉझिट्रॉन मिलिमीटरभराच्या आत एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि बरोबर उलट दिशांना दोन गॅमा किरण निघतात. भोवतीच्या कड्यातल्या समोरासमोरच्या दोन डोळ्यांनी एकाच क्षणी ते टिपले, की अणू कुठल्या रेषेवर होता ते कळतं. अशा कोट्यवधी रेषा एकमेकींना छेदतात तिथे गाठ दिसते.

हे अणू निसर्गात मिळत नाहीत, ते पाण्यापासून करावे लागतात. मात्र हे पाणी नळाचं नव्हे. आपण पितो त्या पाण्यातल्या दर ५०० ऑक्सिजन अणूंमागे एक अणू जरा जड असतो, तो ऑक्सिजन-१८. पाणी पुन्हा पुन्हा उकळून आणि निववून, उंच स्तंभांतून ऊर्ध्वपातन करत हा जड वाटा वेगळा काढतात, तो जवळजवळ निव्वळ होईपर्यंत. असं दोनेक मिलिलिटर पाणी, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी, एका छोट्या धातूच्या डबीत भरतात. त्यावर वेगवान प्रोटॉनांचा मारा करायचा. एखादा प्रोटॉन ऑक्सिजन-१८ च्या केंद्रकात घुसला आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडला, की त्या जागी फ्लोरिन-१८ तयार.

हे सांगायला सोपं आहे. पण केंद्रक अणूच्या एक लाखाव्या भागाएवढं, आणि वर धनभारित. त्यामुळे ते प्रोटॉनला ढकलून देतं. त्याच्यापर्यंत पोचायला प्रोटॉनमध्ये ताकद हवी. अडीच मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली ही क्रिया घडतच नाही, आणि भरपूर माल हवा तर १६-१८ पर्यंत जावं लागतं. रुग्णालयांत बसवलेल्या यंत्रांत १६.५ चं यंत्र चांगलंच रुळलेलं आहे. ही ताकद एका दमात द्यायची तर १ कोटी ६५ लाख व्होल्ट लागतील, घरातल्या प्लगच्या ७२ हजार पट. तेवढा दाब रुग्णालयाच्या एका खोलीत बांधून ठेवणं व्यवहारात जमणारं नाही.

यातून वाट काढली अर्नेस्ट लॉरेन्सने, १९२९ मध्ये बर्कलीत. रॉल्फ विडरो यांचा एक जर्मन लेख चाळताना त्याच्या मनात आलं, की कणाला चुंबकाने गोल फिरवावं आणि एकच छोटा धक्का पुन्हा पुन्हा द्यावा. चुंबकक्षेत्रात एक विलक्षण सोय असते. कण जितका वेगवान, तितकं त्याचं वर्तुळ मोठं, पण फेरी पुरी करायला वेळ मात्र तेवढाच. आतल्या रिंगणात चालणारा वारकरी आणि बाहेरच्या रिंगणात दौडणारा घोडा एकाच टाळावर फेरी पुरी करत आहेत, असं काहीसं. मग धक्क्याचा ताल एकदा धरला की बदलावा लागत नाही. १९३१ च्या जानेवारीत लॉरेन्स आणि त्याचा विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांनी तळहातावर मावणाऱ्या, साडेचार इंची यंत्रात दोन हजारांहूनही कमी व्होल्ट वापरून कणांना ८० हजार व्होल्टची ताकद दिली. या यंत्रासाठी, म्हणजे सायक्लोट्रॉनसाठी, लॉरेन्सला १९३९ चं नोबेल मिळालं.

आजच्या रुग्णालयातल्या यंत्रात हेच घडतं, फक्त आकडे वाढलेत. चुंबकक्षेत्र १.८ टेस्लाच्या आसपास, आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या चाळीस हजार पट. त्यात हायड्रोजनचा आयन सेकंदाला २ कोटी ७० लाख फेऱ्यांच्या चालीने फिरतो. प्रत्येक फेरीत सव्वा लाख व्होल्टचे धक्के धरले तर सव्वाशे-दीडशे फेऱ्यांत काम होतं. या सगळ्याला वेळ लागतो सेकंदाच्या पाच दशलक्षांश एवढा. तेवढ्यात तो पावणेदोनशे-एकशेऐंशी मीटर धावतो, आणि तेही लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या परातीएवढ्या, पासष्ट सेंटिमीटर व्यासाच्या जागेत. बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला साडेपंचावन्न हजार किलोमीटर. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर त्याला सेकंदाचा ऐंशीवा भाग पुरतात.

पण या वेगाला पोचलं की आइन्स्टाइन आडवा येतो. प्रकाशाच्या साडेअठरा टक्के वेगावर प्रोटॉनचं जडत्व पावणेदोन टक्क्यांनी वाढलेलं असतं, म्हणून तो तालाच्या किंचित मागे पडू लागतो. एका फेरीत ही चूक नगण्य, पण सव्वाशे फेऱ्यांत साठत साठत अख्ख्या फेरीएवढी होते, आणि पुढे ढकलणारा धक्का मागे ओढू लागतो. त्यासाठी चुंबकाच्या लोखंडी चकतीत टेकड्या आणि दऱ्या कोरतात आणि कडेकडे क्षेत्र हलकेच वाढवत नेतात, म्हणजे जड झालेला कणही वेळेवर पोचतो. ही टेकड्या-दऱ्यांची कल्पना एल. एच. थॉमस यांनी १९३८ मध्येच मांडली होती. वीस-बावीस टनांच्या चुंबकात लोखंडाची कड किती घासायची हे मिलिमीटरच्या अंशात ठरवणारी माणसं असतात. मला त्यांच्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

कणाला बाहेर काढायची युक्ती तर मला सगळ्यात देखणी वाटते. आत फिरवतात तो नुसता प्रोटॉन नसतो, त्याच्यावर दोन इलेक्ट्रॉन बसवलेले असतात, म्हणून तो ऋणभारित. दुसरा इलेक्ट्रॉन इतका सैल धरलेला असतो, की हवेच्या रेणूला नुसता धक्का लागला तरी निसटतो. म्हणून आतली हवा उपसून अब्जाव्या भागावर आणतात, आणि तरीही प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये दोन हजार कोटींहून जास्त रेणू उरतातच. शेवटच्या फेरीला वाटेत कार्बनचा एक अतिपातळ पापुद्रा धरला, की दोन्ही इलेक्ट्रॉन सोलून निघतात. ऋणाचा धन झाला, चुंबक त्याला उलटीकडे वळवतो आणि प्रोटॉन आपणहून यंत्राबाहेर पडतो. ना ओढाताण, ना वेगळा चुंबक.

किती प्रोटॉन? ५० मायक्रोअँपिअरचा झोत म्हटला तर कानाला काहीच वाटत नाही. पण त्यातले प्रोटॉन मोजायला गेलं की शून्यं हाताबाहेर जातात. नीट मांडायचं तर तीन कोटी कोटी, म्हणजे ३ वर १४ शून्यं, दर सेकंदाला. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये, त्याच्या मूळ आराखड्याप्रमाणे, एका झोतात २८०८ पुंजके आणि प्रत्येकात साडेअकरा हजार कोटी प्रोटॉन असतात. गुणाकार केला की येतात तीन कोटी कोटीच. तिथे ते तासन्‌तास जपून फिरवतात. रुग्णालयाच्या तळघरातलं यंत्र तेवढे प्रोटॉन दर सेकंदाला अर्ध्या चमच्याहून कमी पाण्यावर ओतून मोकळं होतं. फरक आहे तो प्रत्येकाच्या ताकदीत, तिथला एकेक प्रोटॉन इथल्याच्या चार लाख पट.

त्या पाण्याचं काय होतं? झोताची शक्ती ८२५ वॅट. बादलीत पाणी तापवायला आपण टाकतो ती कॉइल हजार-दीड हजार वॅटची असते. म्हणजे जवळपास तेवढीच कॉइल दोन मिलिलिटर पाण्यात बुडवायची. थंडाव्याची सोय नसेल तर पाऊण सेकंदात उकळी फुटेल आणि सहा-सात सेकंदांत डबी कोरडी पडेल. प्रोटॉन पाण्यात शिरून तीन मिलिमीटरच्या आतच थांबतात, म्हणजे सगळी आग तेवढ्याच थरात. म्हणून डबीच्या तोंडाला कागदाहून पातळ पण चिवट धातूचा पापुद्रा लावतात, आतल्या पाण्यावर भरपूर दाब ठेवतात, मागून गार पाणी खेळवतात, आणि दोन तास हा खेळ चालू ठेवतात.

दोन तासांनी हाती काय लागतं? बहुतेक प्रोटॉन वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना धडकत नुसती उष्णता करून संपतात. साडेसातशेमागे एखादाच केंद्रकाला भिडून फ्लोरिन देतो. दोन तासांच्या माऱ्यानंतरही ऑक्सिजन-१८ च्या दोन कोटींहून जास्त अणूंपैकी एकच बदललेला असतो, बाकीचं पाणी होतं तसंच. तरी त्या पाण्यात सुमारे सहा क्युरी किरणोत्सार भरलेला असतो. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी गोळा करून मेरी क्युरीला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, त्याची किंमत तेव्हा एक लाख डॉलर होती. एक ग्रॅम रेडियम म्हणजे एक क्युरी. रुग्णालयातलं यंत्र पहाटेच्या दोन तासांत तशा सहा ग्रॅमांएवढा किरणोत्सार तयार करतं, आणि तो देणाऱ्या फ्लोरिनचं वजन एका ग्रॅमच्या कोटीव्या भागाहूनही कमी असतं. रेडियम सोळाशे वर्षांत निम्मं होतं, हे पावणेदोन-दोन तासांत.

आता लहान यंत्र या मुद्द्याकडे. यंत्र लहान करणं म्हणजे नेमकं काय लहान करणं, हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. मी चुंबकाकडे पाहत होतो, पण खरं वजन भिंतीत असतं. प्रत्येक फ्लोरिनबरोबर एक न्यूट्रॉन सुटतो, म्हणजे यंत्र चालू असताना सेकंदाला ४० हजार कोटी न्यूट्रॉन. ते अडवायला दोन-दोन मीटर जाडीचं काँक्रीट लागतं. आतून सहा मीटर लांबरुंद आणि चार मीटर उंच खोली धरली, भिंती आणि छत दोन मीटरचं धरलं, तर नुसतं काँक्रीट हजार टनांच्या वर जातं. वीस टनांच्या यंत्रासाठी हजार टनांचं घर. गर्दीच्या शहरातल्या, आधीच उभ्या असलेल्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर हे बसवायचं कुठे?

म्हणून लहान यंत्राचे आराखडे करणारे दोन बाजूंनी कात्री लावतात. एक म्हणजे ऊर्जा कमी करायची. १६.५ ऐवजी ११ वर आलं की माल निम्म्याच्या आसपास येतो, पण न्यूट्रॉनही घटतात, आणि संरक्षक कवच यंत्राच्या अंगालाच गुंडाळता येतं. साडेसात-साडेआठवर आलं तर एका वेळी एका-दोघांपुरताच डोस निघेल. पण रोगी जवळच असेल तर तेवढा पुरतो, कारण रस्त्यात वाया जाणारे ७८ टक्के मुळात करावेच लागत नाहीत. कारखान्याचं गणित आणि घरच्या चुलीचं गणित वेगळं असतं, तसंच हे.

दुसरी कात्री चुंबकाला. क्षेत्र दुप्पट केलं की कणाचं वर्तुळ निम्म्या त्रिज्येचं होतं, आणि तिन्ही दिशांनी सगळं निम्मं झालं तर आकारमान आठव्या भागावर येतं. पण लोखंड दोन टेस्लाच्या पुढे हात टेकतं. पुढे जायचं तर अतिवाहक तारा, आणि त्या उणे २६९ अंश सेल्सिअसच्या जवळपास थंड ठेवायच्या. अमेरिकेत आयोनेटिक्स कंपनीचं यंत्र असं आहे. क्षेत्र साडेचार टेस्ला, ऊर्जा १२.५, वजन दोन टनांच्या घरात. त्याच्या शेवटच्या फेरीचं वर्तुळ मी काढून पाहिलं, तर व्यास आला तेवीस सेंटिमीटर. परातीची पोळी झाली. हे यंत्र हृदयाच्या तपासणीसाठी नायट्रोजन-१३ करतं, त्याचं अर्धायुष्य दहाच मिनिटं. दहा मिनिटांत घाट सोडाच, रुग्णालयाच्या फाटकापासून लिफ्टपर्यंत पोचताना मारामार. असा अणू रोग्याच्या पलीकडच्या खोलीतच जन्माला यावा लागतो. स्पेनमध्ये सिएमात या संस्थेने चार टेस्ला आणि साडेआठ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं यंत्र याच विचाराने आखलं. सर्नने तर गोल फेऱ्या सोडून सरळ रेषेत दोन मीटरची नळी केली. सेकंदाला ७५ कोटी वेळा उलटसुलट होणाऱ्या विद्युतक्षेत्रात ती प्रोटॉनला पाचपर्यंत नेते, आणि अशा दोन नळ्या एकापुढे एक जोडून दहापर्यंत जायचा आराखडाही त्यांनी मांडला. ज्या संस्थेने २७ किलोमीटरचं वर्तुळ उभारलं, तिथल्याच माणसांनी दोन मीटरसाठी डोकं झिजवावं, याचा मला फार आनंद होतो. भौतिकशास्त्राची गेल्या नव्वद वर्षांची मिरवणूक मोठ्याकडे चालली होती. लॉरेन्सचं तळहाताएवढं यंत्र वाढत वाढत व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतल्या अठरा मीटर रुंद, चार हजार टनांच्या सायक्लोट्रॉनपर्यंत गेलं. परत तळहाताकडे येणं तितकंच अवघड आहे, आणि आजारी माणसाच्या दृष्टीने जास्त गरजेचं.

व्हँकुव्हरवरून आठवलं. फ्लोरिनहून कितीतरी जास्त वापरला जाणारा अणू म्हणजे टेक्नेशियम-९९एम, सहा तासांच्या अर्धायुष्याचा. तो मॉलिब्डेनम-९९ पासून मिळतो, आणि ते मॉलिब्डेनम जगभरच्या मोजक्या, म्हाताऱ्या अणुभट्ट्यांतून येतं. २००९ च्या मे महिन्यात कॅनडातली एक भट्टी गळतीमुळे बंद पडली, २०१० मध्ये काही महिने नेदरलँड्समधलीही. जगाचा निम्म्याहून जास्त पुरवठा या दोघींकडून होता. साठा करून ठेवावा तर मॉलिब्डेनमचंही अर्धायुष्य ६६ तास. जगभर तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या. तेव्हा ट्रायम्फच्या लोकांनी भट्टीला वळसा घालून रुग्णालयी सायक्लोट्रॉनमध्येच मॉलिब्डेनम-१०० पासून थेट टेक्नेशियम करून दाखवलं, आणि २०२० मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने त्याला परवानगी दिली. मुळात टेक्नेशियम हे मूलद्रव्य सापडलंच सायक्लोट्रॉनच्या भंगारात. लॉरेन्सच्या यंत्रातली मॉलिब्डेनमची एक वापरलेली पट्टी १९३७ मध्ये पालेर्मोला एमिलिओ सेग्रेकडे गेली, आणि त्याने व कार्लो पेरिए याने तिच्यातून हे नवं मूलद्रव्य काढलं.

आपल्याकडे पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला. तोही १६.५ चाच. तेव्हापासून देशात अशी यंत्रं वाढत गेली, आणि कोलकात्यात २०१८ मध्ये ३० चं मोठं यंत्रही सुरू झालं. पण यंत्र बहुधा महानगरात आणि कॅमेरा दूरच्या शहरात, ही रचना कायम आहे, आणि मधला रस्ता दर मिनिटाला ०.६३ टक्के खातो. लहान यंत्र आलं म्हणजे सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. साखर करायचं रसायन अर्ध्या तासाचं, त्यातच सतरा टक्के जातात. शिशाच्या भिंतीआडची स्वच्छ खोली हवी, तपासणीची उपकरणं हवीत, आणि पहाटे तीनला उठून हे सगळं बिनचूक करणारी शिकलेली माणसं हवीत. यातल्या निर्जंतुकतेच्या चाचणीचा निकाल तर चौदा दिवसांनी हाती येतो, म्हणजे १८३ अर्धायुष्यांनी, जेव्हा त्या बाटलीतला एकही फ्लोरिन-१८ जगात उरलेला नसतो. म्हणून दर वेळी कामाची रीतच इतकी चोख ठेवावी लागते, की निकाल येण्याआधी औषध माणसाला देता यावं. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन टनांचं यंत्र नेणं जमेल. ही रीत तिथे रुजवणं हे खरं मोठं काम आहे, आणि ते व्हावं असं मला तळमळीने वाटतं. त्या दिवशी बाकावरून उठून गेलेल्या तिघांपैकी एक बाई रात्रभर एसटीने प्रवास करून आली होती.

पुढच्या मंगळवारी गाडी वेळेवर आली. मला दाराच्या काचेतून आतलं टेबल दिसत होतं. त्या मुलीने चिमट्याने सिरिंज उचलून मापयंत्रात सोडली. पडद्यावर १०.०० आलं. नऊ-दहा सेकंदांनी ९.९९. आणखी नऊ-दहा सेकंदांनी ९.९८. तिने सिरिंजवर टंगस्टनचं जाड कवच चढवलं आणि आत्याला म्हणाली, "काकू, हात सैल सोडा. आता तासभर पडून राहायचं, बोलायचं नाही." बरोबर एक वाजला होता. आत्या तासभर गप्प राहिली, हेही त्या दिवसाचं एक नवलच. त्या तासात एकतीस टक्के अणू विझले.

घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "किती दिवस राहतं रे हे अंगात?"

मी पावतीच्या मागे मांडून दाखवलं. लघवीवाटे जातात ते सोडून दिले, नुसते विझणारे धरले, तरी बुधवारी दुपारी एकला साडेतीन लाख कोटींचे चाळीस कोटी उरतील. गुरुवारी एकला चव्वेचाळीस हजार. शुक्रवारी एकला पाच.

"पाच हजार?"

"पाच. एक, दोन, तीन, चार, पाच."

तिने पावती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "आणि विझतात म्हणजे होतं काय त्यांचं?"

परत ऑक्सिजन-१८ होतात, मी सांगितलं. ज्या जड पाण्यातून निघाले, त्यातलाच ऑक्सिजन. फ्लोरिनच्या जागी तो आला की खुणेची साखर साधी साखर होते, आणि पेशी ती नेहमीसारखी वापरून टाकते.

शुक्रवारी पाचच्या सुमाराला, हिशेबाप्रमाणे, शेवटचा एकच अणू उरायची वेळ होती. आत्या ओट्याशी उभी राहून चहाला आलं ठेचत होती. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पातेल्यात साखर घातली.